आकाराम हवालदाराचा न फिटलेला पैरा

कुंडलच्या आकाराम हवालदारानं व्हॉर्नमार्क नावाच्या राज्यात एक पूल बांधला, दोन विहिरी उपसल्या, लांडग्यांचा कायमचा बंदोबस्त केला, मार्था नावाच्या विधवेची हरवलेली शेळी डोंगरातून खांद्यावर घालून आणली आणि सरतेशेवटी एक ड्रॅगन मारला. यातल्या एकाही कामाचा मोबदला त्यानं घेतला नाही. हे राज्य टीव्हीच्या पडद्यावर होतं आणि आकाराम हातात रिमोट धरून खाटेवर बसलेला होता, ही गोष्ट वेगळी. कष्ट ते कष्टच.

व्हॉर्नमार्क हा खेळ त्याला पलटणीत भेटला. बर्फातल्या एका पोस्टवर रस्ता बंद झाला की महिना महिना माणूस दिसत नसे. केरळच्या एका जवानाकडं तो खेळ होता. तलवार, जादू, जंगल, घोडा, गावं आणि गावातली माणसं. ही माणसं तुम्हाला अडचण सांगतात, तुम्ही ती निवारता, मग पडद्यावर दोन वाक्यं येतात. एक, 'बक्षीस घ्या'. दुसरं, 'राहू द्या'. जगभरातले लोक पहिलं वाक्य दाबतात आणि त्या पैशांतून चांगली तलवार घेतात. आकारामनं आयुष्यात कधी पहिलं वाक्य दाबलं नाही. त्यामुळं त्याचा वीर फाटकी घोंगडी आणि गंजकी तलवार घेऊन ड्रॅगनपुढं उभा राहिला. ज्यानं खेळ शिकवला तो केरळचा जवान ते बघून रडकुंडीला आला होता.

"पैसे घे ना भाई," तो म्हणायचा.

"पैरा हाय त्यो," आकाराम म्हणायचा. "फेडतील की कवातरी."

पैरा म्हणजे काय ते त्या जवानाला शेवटपर्यंत कळलं नाही. आज मी तुमच्या रानात राबायचं, उद्या तुम्ही माझ्या रानात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, दिवसाला दिवस फेडायचा. आकारामच्या वडिलांची, म्हणजे केरबा आबांची, सगळी शेती अशी पैऱ्यावर चालली. लहानपणी आकाराम डोळे चोळत रानात जाई, तर उसाच्या लावणीला बांधावर माणूस मावत नसे. न बोलावता एवढी माणसं यायची. निदान आकारामची तशी समजूत होती, आणि वडिलांविषयी त्याला जो काही अभिमान होता तो मुख्यतः या एका गोष्टीचा होता. मिसरूड फुटायच्या आत तो भरती झाला आणि ती समजूत ट्रंकेत घालून देशभर हिंडला.

निवृत्त होऊन तो एस.टी.तून कुंडलच्या स्टँडवर उतरला, तेव्हा पानाच्या टपरीवाल्यानं त्याला विचारलं होतं, "कुणाकडं आलाय पावनं?" आकारामनं ट्रंक उचलली आणि घरची वाट धरली. पण त्या दिवसापासून तो गावाच्या कामाला असा काही भिडला की विचारू नका. कुणाची मोटर विहिरीतून वर काढ, कुणाला गाडीत घालून सांगलीच्या दवाखान्यात ने, कुणाच्या पोराला पहाटे भरतीसाठी पळायला शिकव. लष्करातून आलेल्या माणसानं घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात हे तसं रीतीला धरूनच झालं. चहासुद्धा तो नको म्हणायचा. कुणी काही देऊ केलं की छातीसमोर हात धरून म्हणायचा, "राहू द्या."

त्याची बायको विजयमाला कोयनानगरची. वडील वीजघरात. तिचं लहानपण वसाहतीच्या क्वार्टरमध्ये गेलं, जिथं नळाला वायसर बसवायलासुद्धा खात्याचा माणूस येतो. लग्नानंतरही निम्मी वर्षं फौजी क्वार्टरमध्येच गेली. पैरा वगैरे तिला मान्य नव्हतं.

"तुमी गावाला कामापुरता मामा झालाय," ती म्हणायची. "फुकटचा गडी मिळाल्यावर कोण सोडंल?"

"वेळ आली की येतील."

"कवा?"

"वेळ आली की."

आता खरं सांगायचं तर आकारामला रानातल्या मदतीची एवढी फिकीर नव्हती. त्याला एकच गोष्ट पाहायची होती. चोवीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला गाव आपलं म्हणतं की नाही. हे तोंडानं विचारता येत नाही. म्हणून तो पैरा साठवत बसला होता.

तशात व्हॉर्नमार्कचा भाग दोन येणार अशी बातमी आली. जाहिरातीत लिहिलं होतं, की पहिल्या भागात तुम्ही केलेलं प्रत्येक काम हे जग लक्षात ठेवील. जुनी फाईल नव्या खेळात घालायची, की तुमचा वीर वीस वर्षांनी आपल्या गावी परत येतो. आकारामनं हे वाक्य विजयमालाला वाचून दाखवलं. मग तिला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा वाचून दाखवलं.

"वरणमार्कवाल्यांना तरी लाज हाय म्हनायची," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

खेळ आला त्याच आठवड्यात उसाची लावणही आली. गुरुवारी संध्याकाळी बेण्याची ट्रॉली येऊन रस्त्याकडेच्या रानात रिकामी झाली. बेणं म्हणजे लावायचा ऊस. त्याची दोन दोन डोळ्यांची टिपरी तोडायची आणि पाणी सोडलेल्या सरीत पायानं दाबत जायचं. बेणं उघड्यावर पडलं की डोळे सुकायला लागतात, त्यामुळं त्याला थांबवून ठेवता येत नाही. शुक्रवारी बायकांची टोळी येणार होती. शुक्रवारी सकाळी टोळीच्या मुकादमिणीचा फोन आला, की त्यांना द्राक्षाच्या बागेत काम मिळालंय, आता सोमवारशिवाय जमणार नाही.

"आता वो?" विजयमाला म्हणाली.

"आता काय? उद्या गाव यील," आकाराम म्हणाला. "बेणं रस्त्याला पडलंय. येता-जाता दिसतंय सगळ्यांना. आमच्या आबांच्या वक्ताला असंच यायची." त्यानं बेण्यावर ओलं पाचट पसरलं, पाणी मारलं आणि शांत मनानं घरी येऊन खेळ सुरू केला.

दुपारच्या नमाजानंतर अश्फाक आला. अश्फाक हा आकारामचा पहिलीपासूनचा दोस्त. स्टँडजवळ त्याचं शिलाईचं दुकान आहे, शुक्रवारी दुपारी बंद असतं. तो स्वतः खेळत नाही. बायको महेजबीननं दिलेली भडंगाची पुडी घेऊन शेजारी बसतो आणि सिनेमा बघावा तसा बघतो. पहिला भागही त्यानं असाच दोनदा पुरा बघितला होता.

सुरुवात झाली. डोंगर, धुकं आणि वाऱ्यावर हलणारं गवत. प्रत्येक पातं वेगळं हलत होतं.

"गवत लय झ्याक केलंय," आकाराम म्हणाला.

"घोडा बी," अश्फाक म्हणाला. "पर तुझ्या अंगातला डगला बघ की. खांद्याला शिवणच न्हाई. बाही चिकटवलीया नुसती."

वीर मिलहॅम गावच्या वेशीवर आला. आकाराम सावरून बसला. हेच ते पूल बांधलेलं गाव. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला आणि काहीतरी बोलला.

"काय म्हनतोय?" अश्फाकनं विचारलं.

"म्हनतोय, परक्या माणसा, तुझं इथं काय काम." आकारामनं रिमोट या हातातून त्या हातात घेतला. "नवीन भरती दिसतीया. जुनी मानसं आत असतील."

जुनी माणसं आत होती. मार्था तर दारातच बसली होती. केस पिकलेले, पाठीला बाक, पायाशी शेळी. आकारामला भरून आलं. "मार्थाकाकू," तो अश्फाकला म्हणाला, जणू अश्फाकला ओळख करून द्यायची होती. त्यानं जवळ जाऊन बोलण्याचं बटण दाबलं. मार्थानं मान वर केली.

"काय म्हनली?"

"म्हनली, आज हवा बरी हाय."

"आनि?"

"एवढंच."

त्यानं पुन्हा बटण दाबलं. आज हवा बरी आहे. लोहाराकडं गेला. लोहार म्हणाला, कोळसा महाग झालाय. गिरणीवाला म्हणाला, पूल फार जुना झालाय. कुणी बांधला याबद्दल तो काही बोलला नाही. आकारामचा वीर घरोघर हिंडला, प्रत्येकाच्या पुढ्यात उभा राहिला आणि हवा, कोळसा, दळण यांची माहिती घेऊन परत चौकात आला. अश्फाक भडंग खायचा थांबला होता.

मग उत्तरेकडून दरोडेखोर आले. ते मिलहॅमवर येणार हे आधी शिंगं फुंकून कळवलंच होतं. एकट्यानं थोपवण्यासारखी ती टोळी नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आकारामनं वीराला चौकाच्या मधोमध उभं केलं आणि वाट पाहिली. आता दारं उघडतील. लोहार हातोडा घेऊन येईल. पुलाचे, विहिरींचे, शेळीचे, सगळ्यांचे दिवस आज फिटतील. दारं उघडली नाहीत. दरोडेखोरांनी वीराला चौकातच आडवा केला. आकारामनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चौकात उभा राहिला आणि पुन्हा आडवा झाला. दुपारभर तो असा मरत राहिला. पळून जावं किंवा पूल तोडावा असं त्याला एकदाही वाटलं नाही.

"जाऊ दे गड्या," अश्फाक म्हणाला. "खेळ हाय."

"खेळ हाय," आकारामनं मान्य केलं आणि रिमोट खाटेवर ठेवला. त्याचा चेहरा मात्र दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन बाहेर पडलेल्या माणसासारखा झाला होता.

अश्फाक गेल्यावर त्यानं कंपनीच्या पानावर आपलं मत लिहिलं. खेळ घेतलेल्या प्रत्येकानं प्रथमदर्शनी काय वाटलं ते लिहावं, अशी तिथं विनंती होती. आकारामनं लष्करी इंग्रजीत लिहिलं त्याचा मराठीत मतलब असा. 'गवत उत्तम. घोडा उत्तम. डगल्याला खांद्याची शिवण नाही, हे शिंप्याचं मत आहे. गावातली माणसं कृतघ्न. जाहिरातीत दिलेलं वचन पाळलेलं नाही. पाचपैकी दोन.' खाली नाव, हुद्दा आणि गाव.

शनिवारी सकाळी तो उजाडताच रानात गेला. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून गेला, कारण माणसं येणार होती. विजयमाला जास्तीची भाकरी बांधून मागून आली. सरीत पाणी सोडलं. दिवस कासराभर वर आला. रस्त्यावरून माणसं जात होती. बेण्याकडं बघत होती, हात वर करून "हवालदार, लावण काय?" म्हणत होती आणि आपल्या कामाला जात होती. आकाराम प्रत्येकाला "व्हय, लावण," म्हणत होता.

मग त्यानं इस्त्रीचा शर्ट काढून बांधावर ठेवला आणि दोघांनीच टिपरी दाबायला घेतली. विजयमाला चिखलात घोट्याएवढी रुतून काम करत होती. तिच्या जिभेवर बोलायला पुष्कळ होतं. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं, आणि आकारामला तेच जास्त लागलं. ऊन तापलं तेव्हा कशाबशा दोन सऱ्या झाल्या होत्या, आणि रान होतं पाऊण एकर.

तेवढ्यात शेजारच्या रानातल्या लीलाबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर आल्या. केरबांच्या वयाच्या, गुडघ्यानं अधू, जिभेनं धडधाकट.

"आकाराम, दोघंच रं?"

"कोन आलं न्हाई, काकू," आकाराम म्हणाला. "आबांच्या वक्ताला बांधावर मानूस मावत न्हवतं. आता दिवस बदललं."

"सांगावा कुनाकुनाला दिलतास?"

"सांगावा?"

"आरं, आदल्या सांजच्याला दारात जाऊन सांगाया नगं? उद्या आमच्यात लावण हाय, एक मानूस द्या म्हनून?"

आकाराम कमरेत वाकलेला होता तो तसाच राहिला. "आबा कुटं सांगायचं? मानसं आपसूक यायची."

लीलाबाईंनी पाटी खाली ठेवली. एवढं अज्ञान डोक्यावर ओझं घेऊन ऐकण्यासारखं नव्हतं. "आपसूक? आरं, तुजा बा दिवस मावळायला टोपी हातात घिऊन निघायचा. समदा गाव फिरायचा. आमच्या दाराम्होरं उभा ऱ्हाऊन सासऱ्याच्या हातापाया पडायचा, एक मानूस द्या, एक मानूस द्या. तवा तू जिऊन झोपल्याला असायचास. रडल्याबिगर आई बी दूध पाजत न्हाई, ह्ये तर गाव हाय."

त्या पाटी उचलून गेल्या. विजयमालाला हसू आलं, पण नवऱ्याकडं बघून ते जिरलं. आकाराम बांधावर बसला होता. बाप टोपी हातात घेऊन लोकांच्या दाराशी उभा आहे, हे चित्र त्याला जुळवता येत नव्हतं. ज्या बापासाठी गाव आपसूक धावून यायचं, त्याच्यासारखं व्हायला तो इतकी वर्षं झटत होता, आणि तसा बाप कधी नव्हताच. होता तो रोज संध्याकाळी मागायला जाणारा होता. आकारामला आधी लाज वाटली. मग त्या लाजेची लाज वाटली.

"मग जावा की," विजयमाला म्हणाली. "सांजच्याला सांगून या. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं ते आकारामलाच ठाऊक. सीमेवर गस्तीला तो एका हाकेत निघायचा, त्या संध्याकाळी मात्र त्यानं चपला दोनदा घातल्या आणि दोनदा काढल्या. आपण म्हणावं, एक माणूस द्या, आणि समोरच्यानं म्हणावं, का? मग सगळंच संपलं. न विचारता राहिलं तर निदान पैरा शिल्लक तरी राहतो.

पहिल्यांदा तो गल्लीतल्या नाथाजींच्या दारात गेला. नाथाजींनी हवापाण्याचं विचारलं. आकारामनं हवापाण्याचं सांगितलं. कोपऱ्यात त्यांचा पाण्याचा पंप बंद पडून राहिला होता. आकारामनं तो उघडला, दुरुस्त केला, हात धुतले आणि "येतो" म्हणून बाहेर पडला. मग तो पलीकडच्या घरी उदयसिंहाकडं गेला. तिथून निघाला तेव्हा सोमवारी उदयसिंहाबरोबर पलूसला तहसीलात जायचं त्यानं कबूल केलं होतं. माणूस मागायला गेलेला हवालदार दोन घरं फिरून एक काम करून आणि एक काम घेऊन आला. या वेगानं गाव पुरं केलं असतं तर ऊस पुढच्या सालीच लागला असता.

तिसरं दार अश्फाकच्या दुकानाचं होतं. अश्फाक मशीनवर कापड झाकत होता.

"काय रं? तोंड का पडलंय? अजून त्या दरोडेखोरांचंच हाय व्हय?"

आकाराम दारातच उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्यानं केव्हा हातात घेतली ते त्याला कळलं नाही. "उद्या आमच्यात लावण हाय," तो म्हणाला. मग त्यानं टोपी उलटीसुलटी करून बघितली. "तू येशील का?"

अश्फाकनं कापड मशीनवर अर्ध्यातच सोडलं. मग त्याचा आवाज चढला.

"महेजबीन सांगलीला दवाखान्यात हुती, तवा तू चार दिस पायरीवर बसून काढलंस. घरी आल्यावर तिनं तुझ्यासाठी पँट शिवून घेतली माझ्याकडनं. मापाबिगर शिवली, नजरेनं. ती तू परत केलीस. म्हनलास, राहू दे. ती पँट अजून कपाटात हाय आमच्या. ती म्हनती, हवालदारभाईला आपलं काय नगंच आसतंय."

"मला तसं म्हनायचं न्हवतं गड्या."

"मग कसं म्हनायचं हुतं? ज्याला कुनाकडनं कायच घ्यायचं न्हाई त्याच्या रानात जायाचं कसं? बेणं काल बघितलं की मी. सगळ्या गावानं बघितलं. वाटलं, टोळी आसंल, मशीन आसंल, आपली गरज काय? येऊ का म्हनलं आसतं, तर तू काय म्हनला आसतास?"

आकाराम काय म्हणाला असता ते दोघांनाही ठाऊक होतं.

"उद्या येतो," अश्फाक म्हणाला. "मला टिपरी दाबता येत न्हाई, ते तुझं तू बघ. आनि आता दारं बंद व्हायच्या आत जा. मला म्हनलास तसंच म्हन."

आकाराम परत नाथाजींच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला. नाथाजी म्हणाले, "मगाशी काय तोंड शिवलं हुतं? दोगं पाटवतो." उदयसिंह म्हणाला त्याला सवड नाही, पण मेव्हणा येईल. एकानं पाठ दुखते सांगितलं, आणि ती खरंच दुखत असावी. एकानं बघतो म्हटलं. एका घरात त्याला चहा दिला. आकारामचा हात सवयीनं छातीपर्यंत गेला, तिथून कप घ्यायला वळला. चहा फार गोड होता. तो सगळा प्यायला.

रविवारी बांधावर माणूस मावत नव्हतं असं काही झालं नाही. मावत होतं. पण लावणीला पुरेल एवढं नक्की होतं. अश्फाक सगळ्यांत आधी आला, उदयसिंहाचा मेव्हणा आला, नाथाजींची दोन माणसं आली, बघतो म्हणालेला माणूस आला आणि बोलावलेलं नसताना लीलाबाई बांधावर बसून सगळ्यांच्या चुका काढायला आल्या. गाव करील ते राव काय करील म्हणतात, त्यातला राव त्या दिवशी गुडघाभर चिखलात उभा होता आणि त्याला काम सांगायचंसुद्धा सुधरत नव्हतं. विजयमालानं पिठलं-भाकरी वाढली, आणि वाढताना प्रत्येकाला "अजून घ्या" असं दोनदा म्हणाली. ऊन कलायच्या आत पाऊण एकराचं बेणं मातीआड झालं. आकाराम पाण्याची दारं मोडून सरी बदलायच्या निमित्तानं पाटाच्या टोकाला गेला आणि तिथं थोडा वेळ डोळे पुसत बसला.

दोन दिवसांनी दुपारी त्यानं खेळ पुन्हा लावला. मार्थाकाकू दारात होत्या, हवा बरी होती. पण या वेळी आकारामनं घाई केली नाही. बोलण्याच्या खिडकीत खाली एक ओळ होती. पहिल्या भागात ती नव्हती, म्हणून त्यानं तिथवर कधी नजर नेली नव्हती. तिथं लिहिलं होतं, 'मला मदत हवी आहे'. त्यानं ती दाबली. मार्थाकाकूंनी त्याच्याकडं नीट बघितलं, शेळी आणणारा तूच ना असं विचारलं आणि दारामागचं दाताळं उचललं. चौकात त्या सर्वांच्या पुढं धावल्या आणि सर्वांत आधी पडल्या. आकारामनं खेळ मागं घेतला, लोहाराला आणि गिरणीवाल्याला सांगावा दिला आणि मार्थाकाकूंना घरीच राहू दिलं. मिलहॅम वाचलं. कंपनीच्या पानावर त्यानं दुरुस्ती टाकली, की माणसांविषयीचं वाक्य मागं घेण्यात येत आहे, चूक खेळणाऱ्याची होती. शिवणीविषयीचं मत कायम.

इकडं अश्फाकचं वाईट झालं होतं. उसाच्या पाल्यानं त्याची बोटं कापली होती आणि अंगठा सुजून सुई धरवत नव्हती. लग्नसराई तोंडावर, ब्लाऊजांचा ढीग पडलेला, आणि हूक लावायला माणूस नाही. त्यानं दुकानातून फोन केला.

"आकाराम, उद्यापास्नं माझ्याकडं ये. पैरा हाय."

आकाराम गेला. काचेमागं, बाकावर, मांडीवर कुणाच्या तरी लग्नाचा जांभळा ब्लाऊज घेऊन तो बसला. स्टँडवर उतरणारी माणसं थबकून बघत होती. उदयसिंह मुद्दाम आत आला.

"हवालदार, ह्ये काय?"

"अश्फाकचा दिस फेडतोय," आकाराम म्हणाला, आणि हे सांगताना त्याला इतकं बरं वाटलं, की बाहेर जाऊन टपरीवाल्यालाही सांगून यावंसं वाटलं. चोवीस वर्षं बाहेर आणि पाच वर्षं गावात, एवढ्या काळात तो पहिल्यांदाच कुणाचं तरी देणं लागत होता.

संध्याकाळी अश्फाकनं त्याचं काम चष्म्याजवळ धरून बघितलं. हूक एका रेषेत नव्हते. लष्करात बटणं लावायला शिकवतात, पण ती शर्टाची.

"उसव," अश्फाक म्हणाला. "सगळं उसव. आसल्या कामानं तुझा एक दिस आठ दिसांत बी फिटायचा न्हाई."

"आठ दिस?" आकारामनं विचारलं.

"दहा बी लागतील."

आकारामनं दोरा ओवला, आणि पुढचा हूक जमेल तितक्या सावकाश लावायला घेतला.